गरजवंताची परीक्षा

आमच्या पगारपत्रकात दर महिन्याला दोनशे रुपयांची एक कपात असते. फेब्रुवारीत ती तीनशेची होते. वर्षाचे अडीच हजार. रकान्यावर 'व्यवसाय कर' असे छापलेले असते. शिक्षकांच्या खोलीत भविष्य निर्वाह निधीवर चर्चा होते, आयकरावर तर फेब्रुवारीभर होते, पण या दोनशे रुपयांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. एकदा मधल्या सुट्टीत आम्ही सहज विचारले की हा कर नेमका कशासाठी आला? कुणी म्हणाले रस्त्यांसाठी, कुणी म्हणाले शिक्षणासाठी. एक ज्येष्ठ सहकारी चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "मियाँ, कर तो बस कर होता है।"

हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला आणि तो रोजगार हमीसाठी आला. शहरातल्या नोकरदाराने, वकिलाने, डॉक्टरने, व्यापाऱ्याने थोडे थोडे द्यायचे, सरकारने त्यात आपली भर घालायची आणि त्या पैशातून खेड्यातल्या बेकार माणसाला काम द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. आमच्या वाचकांपैकी कितीतरी जण हा कर भरतात. त्यांच्या आईवडिलांपैकी, आजीआजोबांपैकी कितीतरी जण या कामांवर राबले असतील. एकाच घराच्या दोन पिढ्या एकाच कायद्याच्या दोन टोकांना उभ्या आहेत आणि दोघांनाही ते ठाऊक नाही. म्हणून या विषयाची थोडी उजळणी करावी असे आम्हाला वाटले.

आमची दादी १९७२-७३ च्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती. आजोबा पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या. ज्या साली ज्वारीच घरात नाही त्या साली रजई कोण भरून घेणार? धुनकी खुंटीला टांगली गेली. मोहल्ल्यातल्या बायांनी कामावर जावे की नाही, यावर मशिदीच्या ओट्यावर दोन दिवस चर्चा झाली म्हणे. तिसऱ्या दिवशी चर्चा करणाऱ्यांच्याच घरच्या बाया हातोडी घेऊन निघाल्या. मस्टरवर नाव लागले, अंगठा उठवला, दगडाचा ढीग पुढे आला. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी यांच्या चवीबद्दल दादी फार वाईट बोलायची. पण त्या कामाबद्दल बोलताना तिचा सूर वेगळा असे. ती म्हणायची, "सरकारने नाम पूछा, हाल नहीं पूछा।"

लहानपणी आम्हाला ही तक्रार वाटायची. सरकार किती निष्ठुर, साधा हालहवालही विचारला नाही! बी.एड. झाल्यावर, आणि त्यानंतर चार-पाच वर्षे घरी बसल्यावर, त्या वाक्याचा खरा अर्थ कळला. त्या हकिकतीकडे पुढे येऊच.

गरजवंताला मदत द्यायची तर तो खरोखर गरजवंत आहे हे ओळखायचे कसे, हा प्रश्न फार जुना आहे. आपल्याकडे जकात देतानाही तो पडतोच. साहिबे-निसाब कोण आणि मुस्तहिक कोण, हे ठरवायला साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी हे माप लहानपणापासून आपल्या कानावर असते. मात्र तिथे हिशेब मुख्यतः देणाऱ्याने स्वतःचा स्वतः करायचा असतो. सरकारी मदतीत हिशेब घेणाराच द्यायचा असतो आणि तो तपासायला तिसराच कुणी बसलेला असतो.

इंग्रजांनी हा प्रश्न खानदेशात आणि सगळ्या मुंबई इलाख्यात कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. १८७६ ते ७८ चा दुष्काळ मोठा होता. सरकारी कामांवर गर्दी उसळली तशी खजिन्याची काळजी वाढली. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना व्हाइसरॉयने दुष्काळी प्रतिनिधी म्हणून पाठवले. त्यांनी मजुराचा रोज उतरवला. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य, म्हणजे आजच्या हिशेबाने साडेचारशे ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे. शिवाय अंतराची परीक्षा. मदत हवी तर गाव सोडून दहा मैलांपलीकडच्या छावणीवर राहायला जा. जो खरा उपाशी असेल तो जाईल, ढोंगी असेल तो घरी बसेल, असा तर्क. मुंबई इलाख्यात मजुरी उतरताच हजारो मजुरांनी काम सोडले. उपाशी माणसांनी केलेला तो संपच होता. पुणे सार्वजनिक सभेने त्यांच्या बाजूने सरकारकडे अर्ज केले. आणि हेच टेंपलसाहेब त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्यांत एक शब्द आहे, 'टेस्ट वर्क', म्हणजे परीक्षेचे काम. दुष्काळ आहे की नाही अशी शंका असेल तर आधी थोडे कष्टाचे काम थोड्या मजुरीवर उघडायचे. माणसे आली तर दुष्काळ खरा, नाही आली तर खोटा. आम्ही मास्तर लोक वर्षभर परीक्षाच घेत असतो, पण विद्यार्थ्याने उपाशीपोटी दगड फोडून उत्तीर्ण व्हावे अशी परीक्षा आमच्याही डोक्यात आली नसती.

तरीही न्यायाने एक गोष्ट सांगायला हवी. ज्यांना कुदळ-फावड्याचे काम जमणार नाही अशांचा विचार त्या संहितांत होता. म्हातारे, आंधळे, पांगळे यांना गावातच फुकट धान्य. पडदानशीन बायांसाठी वेगळी सोय. विणकरांना तर त्यांच्याच मागावर काम देऊन माल सरकारने घ्यावा असाही विचार होता. मुंबई इलाख्यात १८९६-९७ च्या आणि त्यापाठोपाठच्या १८९९-१९०० च्या दुष्काळात तसे प्रयोग झाले. अहमदनगर आणि सोलापूरकडच्या मागावाल्यांना त्याचा लाभ मिळाला. विणकराचा हात दगडावर गेला की तो पुन्हा सुतावर नीट चालत नाही, इतके त्या परक्या सरकारला उमगले होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे स्वतःच्या सरकारला तिचा विसर पडला.

स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रात या प्रश्नाला नवे उत्तर दिले ते वि. स. पागे यांनी. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले विसापूर हे त्यांचे गाव. ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ च्या सुमारास तासगावात आणि पुढे विसापुरात त्यांनी लहान प्रमाणावर प्रयोग करून पाहिला. मागेल त्याला काम. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये योजना राज्यासाठी जाहीर झाली, पण दुष्काळ इतका वाढला की ती बाजूला ठेवून थेट दुष्काळी कामेच काढावी लागली. मे १९७३ मध्ये या कामांवर राज्यभर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. त्यांतच कुठे तरी आमची दादी. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा हाती घेतली गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्यात अर्जदाराचे उत्पन्न विचारायचेच नाही, असे ठरले. जमीन किती, भाऊ काय कमावतो, घरात पंखा आहे का, काही नाही. अठरा वर्षांवरचा खेड्यातला माणूस आहेस, अंगमेहनत करायला तयार आहेस, काम मागतोस, बस्स. पंधरा दिवसांत काम मिळाले पाहिजे. नाही मिळाले तर बेकारी भत्ता. दगडमाती उचलायला सुखवस्तू माणूस येणारच नाही, मग त्याची चौकशी कशाला, असा त्यामागचा विचार होता. हा टेंपलच्याच तर्काचा वंशज, हे आम्ही नाकारत नाही. पण टेंपलच्या छावणीत मजूर दयेवर होता, इथे तो हक्काने उभा होता. दादीच्या वाक्याचा अर्थ हाच. हाल विचारले नाहीत म्हणजे अपमान केला नाही.

ज्या देशांत हाल विचारले गेले तिथे काय झाले? ज्यांनी आपल्याला दुष्काळ संहिता दिली त्या इंग्रजांच्याच देशात १९३१ साली मंदीच्या काळात बेकारांसाठी 'मीन्स टेस्ट' आली. बेकाराला भत्ता हवा तर तपासनीस घरी येई. कपाट, खुर्ची, पेटी-वाजा पाहून जाई. घरातल्या सगळ्यांची कमाई मोजली जाई. मुलगी कारखान्यात जाऊ लागली की बापाचा भत्ता कापला जाई. बापाला मुलीच्या ताटात जेवावे लागू नये म्हणून मुले घर सोडून वेगळी राहू लागली. कुटुंबाची ही तपासणी १९४१ मध्ये कायद्याने संपवावी लागली, इतका तिच्याबद्दल लोकांत संताप होता. गिरणीगावांतल्या त्या गोऱ्या मजुरांची आणि आपल्या मोहल्ल्यांतल्या सफेदपोश माणसांची जात एकच. कपडा धुतलेला, इस्त्री केलेला, आणि चूल थंड. असा माणूस तपासनिसाला कधीच सापडत नाही.

आपल्या भागात या कायद्याचे काय झाले? त्या वेळी हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. शहाद्याकडे अंबरसिंग सुरतवंती यांनी आदिवासींना जागे केले होते आणि १९७२ मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली. जमिनी, सालदारांची मजुरी, दुष्काळी कामे या प्रश्नांवर मोर्चे निघाले. म्हणजे हक्क नुसता पुस्तकात नव्हता, तो मागायला माणसे रस्त्यावरही आली. नालाबांडिंग झाले, पाझर तलाव झाले, रस्त्यांना खडी पडली. कामावर निम्म्याच्या आसपास बाया असत. सावली, पाणी, पाळणाघर कायद्यात लिहिले होते. पाळणाघर म्हणजे बहुधा बाभळीला बांधलेली साडीची झोळी.

बेकारी भत्त्याची मात्र गंमतच. कायद्यात तो दिवसाला किमान एक रुपया ठेवला होता. तेव्हा मजुरी तीन-चार रुपये असेल. पण तो रुपया फार थोड्यांनी पाहिला. कारण सोपे आहे. भत्ता हवा तर काम मागितल्याचा पुरावा हवा. मजूर काम तोंडी मागणार, पोच कुणी देणार नाही. मागणीची नोंद नाही तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? नोंद झालीच तर दूरच्या कामाची चिठ्ठी हातात. लेकुरवाळी बाई तिथे जाऊ शकली नाही की काम देऊनही ती आली नाही असा शेरा, आणि भत्त्याचा हक्क गेला. कायदा ज्यांनी केला त्यांची नियत साफ होती. पण सगळा कायदा एका पोचपावतीवर येऊन थांबला.

केंद्राचा २००५ चा कायदा याच महाराष्ट्राच्या कायद्यावरून घडला. २ फेब्रुवारी २००६ पासून देशातल्या ज्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत तो सुरू झाला त्यांत नंदुरबार होता. त्यात भत्ता वाढला. पहिले तीस दिवस मजुरीचा किमान चौथा हिस्सा, पुढे किमान निम्मा. मागणीची तारीखवार पोच देण्याचे बंधनही आले. पण अक्कलकुवा-धडगावकडचा मजूर दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेलेला असतो, तो पोच घ्यायला थांबणार कसा? मग बँकखाते आले, आधार आले, मोबाइलवर फोटो काढून हजेरी आली. दादीचा अंगठा शाईत बुडत होता. आता यंत्राला अंगठ्याच्या रेषा हव्या असतात आणि खडी फोडणाऱ्याच्या अंगठ्यावर त्या उरलेल्या नसतात. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी दुसरा कायदा मंजूर केला. त्यात दिवस शंभराचे सव्वाशे केले आणि खर्चाचा मोठा वाटा राज्यांवर टाकला. त्याचा अनुभव यायचा आहे.

पण आमचा मुद्दा दुसऱ्या दरवाजाचा आहे. काम मागण्याच्या दरवाजावर हाल विचारले जात नव्हते, त्याच काळात बाकीच्या सगळ्या दरवाजांवर ते विचारले जाऊ लागले. १९९९ मध्ये महाराष्ट्रात तीन रंगांची रेशनकार्डे आली. पिवळे, केशरी, पांढरे. पिवळ्यासाठी सबंध कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न पंधरा हजारांच्या आत हवे. म्हणजे दिवसाला एक्केचाळीस रुपये, साऱ्या घराचे मिळून. घरात टेलिफोन नको, चारचाकी नको, घरातला कुणी व्यवसाय कर भरणारा नको. पाहा, रोजगार हमीसाठी दोनशे रुपये देणारा माणूस त्याच दोनशे रुपयांमुळे पिवळ्या कार्डातून बाद! आमच्यासारख्या पगारदाराचे ठीक आहे. पण कुणा शेठजीकडे महिना दहा-अकरा हजारांवर हिशेब लिहिणारा मुनीमही हाच कर भरतो.

२००२ साली दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची पाहणी झाली. तेव्हा आम्ही उर्दू शाळेत शिकत होतो आणि खेड्यात राहत होतो. पाहणी करणारे गृहस्थ आमच्या ओट्यावर बसले, त्यांनी पाणी मागितले आणि तेरा प्रश्न विचारले. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण बावन्न. जितके कमी गुण तितका गरीब. माणशी कपडे किती, जेवण किती वेळा, घरात पंखा, रेडिओ, कुकर आहे का. अम्मीने ईदचे जोड लपवले नाहीत, उलट काढून दाखवले. पाहुण्यासमोर इज्जत राहावी म्हणून. मग घरात सर्वात जास्त शिकलेला कोण, असा प्रश्न आला. अब्बांनी अभिमानाने काकांचे नाव सांगितले, ते पदवीधर होते. तीन गुण वाढले. मुले शाळेत जातात का? जातात. कामाला जातात का? नाही. पूर्ण चार गुण. शेजारच्यांनी मुलाला हॉटेलात लावले होते, त्यांना शून्य. गाव सरकारी मदतीला पात्र झाले की नाही हे आम्हाला आठवत नाही, पण आमचे घर झाले नाही. आज वर्गात उभे राहून पालकांना मुलांना शाळेत पाठवा असे सांगतो, तेव्हा तो बावन्न गुणांचा कागद अजून डोळ्यांसमोर येतो.

आता ती आमची हकिकत. २ मे २०१२ रोजी राज्यात शिक्षकभरती थांबली आणि ती बरीच वर्षे थांबूनच राहिली. आम्ही बी.एड. होऊन त्याच काळात घरी बसलो. अब्बांचा इंतकाल झाला होता. निराधारांसाठीचे संजय गांधी अनुदान मिळावे म्हणून अम्मीचा अर्ज आम्ही केला. ही योजना १९८० ची, बॅ. अंतुले मुख्यमंत्री असतानाची. त्यांच्या कारकिर्दीचे नाव काढले की सिमेंटच बोलले जाते, विधवा-अपंगांच्या हाती महिन्याची रक्कम पडू लागली हे मागे राहते. तिची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१ हजार. दाखला काढायला आम्ही एका कार्यालयात पाच खेपा घातल्या. पाचव्या खेपेला टेबलावरच्या गृहस्थांनी कागद उलटवला आणि विचारले, "घरात कोण कोण?" आम्ही सांगितले. ते हसले. "बी.एड. झालेला मुलगा घरात, आणि आई निराधार?" त्यांनी शेरा लिहिला, मुलगा कमावण्यास सक्षम. सक्षम होतोच, पण काम नव्हते. आणि सुशिक्षित बेकाराला काम द्यायला कुठला कायदा बांधलेला नव्हता. फावडे मागितले असते तर कदाचित मिळाले असते. खरे सांगायचे तर ते मागण्याची हिंमत झाली नाही. दादीला झाली होती.

२०२३ मध्ये हे अनुदान महिना दीड हजार झाले, तरी मर्यादा २१ हजारांचीच राहिली. २०२५-२६ साली रोजगार हमीचा रोज ३१२ रुपये होता. एखाद्या बाईने शंभर दिवस सरकारचेच काम केले तर तिला ३१,२०० रुपये मिळतात. म्हणजे सरकारी हमीचे काम पूर्ण करणारी बाई सरकारच्याच मापाने निराधार राहत नाही. एका खात्याचे गणित दुसऱ्या खात्याने तपासलेले दिसत नाही.

आणि शहर? राज्याच्या रोजगार हमीत खेडी होती आणि क वर्ग नगरपालिकांची छोटी गावे होती. नंदुरबारसारखे मोठे शहर नव्हते. केंद्राचा कायदा तर ग्रामीण भागापुरताच. आपला समाज मात्र या जिल्ह्यात मुख्यतः गावठाणांत आणि शहरांत राहतो. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा. पिंजारी, बागवान, हमाल, लोहारकाम करणारे, गॅरेजवाले. ज्यांना आपली हाल विचारू न देता मदत मागता आली असती, त्या कायद्याच्या हद्दीबाहेर त्यांतले बहुतेक राहिले. विणकराला मागावर काम, पडदानशीन बाईला घरी काम, ही शंभर वर्षांपूर्वीची तरतूद या कायद्यात कुणी पुन्हा लिहिली नाही. आपल्या प्रतिनिधींनीही ती मागितली नाही, हेही लिहून ठेवावे. उर्दूच्या प्रश्नावर, कब्रस्तानच्या भिंतीवर निवेदने गेली. कुदळीशिवायच्या कामाच्या हक्कावर गेलेले एकही निवेदन आम्ही ऐकले नाही.

आमच्या शाळेतल्या पुष्कळ मुलींच्या आया मिरचीच्या पथारीवर जातात. नंदुरबारची मिरची दूरवर प्रसिद्ध आहे. दिवाळी सरली की शहराबाहेरची मैदाने लाल होतात आणि होळीच्या आसपास पुन्हा मोकळी होतात. देठ खुडायचे काम, वजनावर मजुरी. हातांची आग होते म्हणून रात्री बाया तेल लावून झोपतात. मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलीची आई शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आली. त्यात पालकाचे वार्षिक उत्पन्न लिहायचा रकाना होता, मर्यादा एक लाखाची. तिने विचारले, "सर, क्या लिखूँ?" आम्ही पेन्सिल घेतली आणि तिच्यासोबत हिशेब मांडला. पथारीचे चार महिने, मग लग्नसराईतल्या भांड्यांचे काही दिवस, मग रमजानमध्ये कुणी दिलेला फित्रा. ती म्हणाली, फित्रा उत्पन्नात धरायचा का? आम्हाला सांगता आले नाही. पावसाळ्याचे महिने कागदावर कोरेच राहिले. अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत होती, म्हणून शेवटी तिच्याजवळच्या जुन्या दाखल्यावर जो आकडा होता तोच उतरवून घेतला.